तासगावात राहून शास्त्रीय गाण्यावर पोट भरता येतं का? (लांबलचक आहे, सल्ला हवाय)

तासगावची_द्राक्षं

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

वय २४, बी.कॉम. आठवीपासून गाणं शिकतेय. गांधर्व मंडळाचं विशारद गेल्या वर्षी पूर्ण झालं. सध्या आठवड्यातून तीन दिवस एसटीने मिरजेला गुरुजींकडे जाते. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे. वडिलांचा गाण्याला विरोध नाही, पण यंदा एप्रिल छाटणी चालू असताना बागेतच उभे राहून म्हणाले, "बाग लावली तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घड दिसतो. तुझा कधी दिसणार तेवढं सांग." मला काही सांगता आलं नाही. कात्री हातात घेऊन पुढच्या ओळीत गेले.

आता सांगलीतल्या एका शाळेत संगीत शिक्षिकेची जागा चालून आलीय. महिना १४,०००, सकाळी साडेसात ते दुपारी दोन. दुसरीकडे गुरुजी स्वतःच म्हणतात की माझ्याकडचं देऊन झालंय, आता पुण्याला जा. तिथली खोली, मेस आणि तालमीची फी घरून दोन वर्षं मिळेल, पुढे नाही.

मला नेमकं एवढंच विचारायचंय: जे लोक खरोखर व्यावसायिक गातात, त्यांचा महिन्याचा पैसा कुठून येतो? कितव्या वर्षी यायला लागतो? "आवड असेल तर मार्ग निघतो" असं कृपया कुणी लिहू नका, ते आत्याने सांगून झालंय.

हळदीचा_वायदा

ताई, बँकेच्या परीक्षा द्या. संध्याकाळी गा. सांगलीच्या बाजारात हळदीला भाव नसला तर पेवात (जमिनीखालच्या कोठारात) ठेवता येते, गाणं पेवात ठेवता येत नाही.

खुंटी_पिळ

वायदासाहेब, पेवातली हळद पुराच्या पाण्यानं जाते, हे सांगलीकराला सांगायला लागतंय व्हय?

धागाकर्तीला: मी मिरजेचा, आमच्या घरात तंबोरे होतात. मला गाण्याच्या धंद्यातलं फारसं कळत नाही, पण दुकानात येणारा माणूस गाणारा आहे का नुसता घेणारा, ते जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, लगेच कळतं. तुमच्याकडे स्वतःचा तंबोरा आहे का मोबाइलवरच चाललंय?

तासगावची_द्राक्षं

मोबाइलवरच. 😔 घरी गुरुजींचा जुना तंबोरा आहे, पण त्याची एक तार नीट बोलत नाही. म्हणून कोपऱ्यात उभा आहे.

खुंटी_पिळ

तार बोलत नाही म्हणजे घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासली गेलीय. घेऊन या. आमचे थोरले चुलते चष्मा कपाळावर सरकवून बसतात, तारेखाली दोरा सारतात, केसभर पुढं, केसभर मागं. नाही जमलं तर कानशीनं घोडी जराशी घासतात, परत तार छेडतात. कधी दहा मिनिटांत होतं, कधी अख्खी दुपार जाते. मग एकदम ती तार उघडते आणि दुकानात बसलेला चहावालासुद्धा मान वर करतो. अब्दुल करीम खाँसाहेबांना वाद्यदुरुस्तीचं हे अंग होतं, असं आमच्याकडं अजून सांगतात. त्या सुराच्या नादानंच त्यांचा सूर तसा लागायचा, हे माझं मत. जाणकारांनी फाडून खाऊ नये.

मोबाइलचा तंबोरा वाईट नाही, प्रवासात ठीक आहे. पण स्वतः तंबोरा लावायला बसलं की अर्धा तास कान कामाला लागतात, तो अर्धा तास मोबाइलमध्ये वाचतो आणि तिथंच घोटाळा होतो.

(मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, हे जाताजाता.)

काळीपाच

अगं, तुला "तू" म्हणते, माझी मोठी भाची तुझ्याएवढी आहे. वय ४६, पुण्यात ११ वर्षं काढून सांगलीला परत आलेली गायिका. नाव गाजलेलं नाही, पण गेली १५ वर्षं गाण्याशिवाय दुसऱ्या कशाचा रुपया घरात आलेला नाही. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं धरते.

आधी सरळ आकडा. व्यावसायिक म्हणून पहिलं वर्ष धरलं ते २००६. त्या वर्षी ९ कार्यक्रम झाले. त्यातल्या ४ ठिकाणी मानधन शून्य, "व्यासपीठ देतोय" म्हणाले. एका गावी (नाव नको) दोन तास गायले. शेवटी शाल, नारळ आणि पाकीट. गाडीत बसून उघडलं तर आत १,५०० रुपये. तबल्याला मी २,००० कबूल केले होते, पेटीला १,५००. दोघांचे पैसे पर्समधून दिले आणि घरी आल्यावर आईने विचारलं, "काय मिळालं?" मी म्हटलं, "शाल." पुढे पुढे त्या शाली इतक्या साठल्या की आईने त्यांच्या गोधड्या शिवल्या. आजही माझ्या विद्यार्थिनी त्याच गोधड्यांवर बसून गातात.

म्हणजे मैफलीतून घर चालतं का? मोजके दहा-पंधरा मोठे कलाकार सोडले तर नाही. त्यांचंही नुसत्या मैफलीवर चालत असेल असं मला वाटत नाही. घर चालतं शिकवण्यावर. पण खरी मेख तिथेच आहे, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती.

पुण्यात असताना माझ्याकडे ऑनलाइन विद्यार्थी यायला लागले, सगळे अमेरिकेतले. पैसे चांगले. कॅलिफोर्नियातली मुलं शाळेतून येऊन साडेपाचला गायला बसतात, तेव्हा आपल्याकडे (त्यांच्या उन्हाळ्यात) पहाटेचे सहा वाजलेले असतात. न्यूयॉर्कवाले रात्री साडेआठला जेवून बसतात, तेही आपले सहाच! म्हणजे माझा खर्जाचा, मंद्राचा (खालच्या सुरांच्या रियाजाचा) जो वेळ, तोच बाजारात सगळ्यात महाग विकला जाणारा वेळ. मी विकला. दोन वर्षं विकला. घरात वॉशिंग मशीन आलं आणि एका मैफलीत ललत गाताना लक्षात आलं की खालचा षड्ज, म्हणजे खालचा सा, माझा राहिला नाही. म्हणजे लागत होता, पण वस्ती नव्हती तिथे. समोरच्या कुणाला कळलं नाही. तबलजीला कळलं, त्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली.

त्यानंतर सगळे सकाळचे विद्यार्थी सोडले. इंग्लंडचे घेतले. त्यांची संध्याकाळची पाच म्हणजे आपली रात्री साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. झोप थोडी कमी होते, पण सकाळ शाबूत राहते. इथल्या मुली संध्याकाळी ४ ते ८. रविवारी कुणी नाही.

म्हणून तुझ्या शाळेच्या नोकरीत १४,००० पेक्षा मला "साडेसात ते दोन" हे खटकतं. पगार वाढवून मागू नकोस, वेळ बदलून माग.

पुण्याचं: जा, पण लगेच बिऱ्हाड हलवू नकोस. महिन्यातून दोन वेळा जा, दोन-दोन दिवस राहा. मिरजेहून गाड्या आहेत. सहा महिन्यांत कळेल गुरू तुला शिकवतायत का तुझ्याकडून तंबोरा वाजवून घेतायत. तंबोरा धरणंही शिकणंच असतं, पण फक्त तेवढंच असेल तर पुण्याचं भाडं कशाला?

पेटीमास्तर

वरचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी साथ करतो, सांगली-मिरज-जयसिंगपूर पट्ट्यात. साथीदारांच्या बाजूनं थोडं.

१,५०० च्या पाकिटातून २,००० देणारे गायक आम्ही जन्मभर विसरत नाही. न देणारेही विसरत नाही. 🙂 नव्या मुलांची चूक अशी की आयोजकाशी स्वतःचं मानधन ठरवतात आणि आमचं "ते बघतील" म्हणून सोडून देतात. आयोजक बघत नाहीत. फोनवरच विचारा: साथीदारांचं किती, प्रवास कुणाचा, राहायचं कुठं. मग मेसेजवर तेच परत लिहून पाठवा. यात भांडण नाही आणि उद्धटपणाही नाही.

दुसरं, खासगीत चालणारी गोष्ट इथं लिहितो. आमच्या भागातल्या बऱ्याच तबलजींची महिन्याची कमाई गायकापेक्षा जास्त आहे. कारण तो अभंगाला वाजवतो, नाट्यगीताला वाजवतो, कथकच्या क्लासला वाजवतो, रविवारी शाळेच्या स्नेहसंमेलनात बसतो. गायकाला मात्र वाटतं आपण फक्त बडा ख्याल (संथ लयीतलं, विस्तारानं मांडलेलं रागगायन) गायचा. सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासूनची. इथल्या श्रोत्याला नाट्यगीत हवंच. तेवढ्यासाठी नाक मुरडू नये. यमन तासभर गाऊन मग एक पद, मग भैरवीत अभंग, आणि लोक उठत नाहीत.

रसिकराज_वाई

असहमत. पद मागणाऱ्यांसाठी गात बसलं तर ख्याल ऐकणारा श्रोता तयार कधी होणार?

पेटीमास्तर

वाईकर, तो तयार होईपर्यंत आमचं दूध-बिल कोण भरणार तेवढं सांगा.

हळदीचा_वायदा

😂 इथं मी एकटाच वाईट होतो वाटलं.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याचा, एका छोट्या मंडळात वीसेक वर्षं कार्यक्रम लावतो. आयोजकाला इथं शिव्या बसतायत, त्यातल्या निम्म्या रास्त आहेत. पण आमचीही वही उघडून दाखवतो.

दोनशे खुर्च्यांचा हॉल घेतो. माणसं येतात साठ-सत्तर, पाऊस असला तर तीस. हॉल, साउंड, साथीदार, जेवण, कलाकाराची राहायची सोय. देणगी देणारे दोन डॉक्टर, एक पतसंस्था आणि एक सराफ. त्या सराफाला पत्रिकेवर ओळखीचं नाव हवं असतं, म्हणून पुण्याचं नाव येतं. नव्या मुलीला आम्ही पहिल्या सत्रात पाऊण तास देतो. ही आमची पद्धत, चूक असेल.

पण नवीन माणूस निवडतो कसा, ते सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे महिन्याला दहा-बारा मेसेज येतात. नव्वद सेकंदांचे तुकडे, मागे दिवे, तानांचा पाऊस. त्यातून काहीच कळत नाही. मला हवा असतो एका रागाचा चाळीस मिनिटांचा सलग, न कापलेला आवाज. घरच्या खोलीतला चालेल, मागे कुकरची शिट्टी झाली तरी चालेल. विलंबित (संथ) एकतालात पहिल्या दहा मिनिटांत गाणारी घाई करते का, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना धडपडते का, एवढं ऐकलं की आम्हाला पुरतं. सोबत दोन ओळी: नाव, कुणाकडे शिकते, कुठून येणार. पानभर परिचय नको. "अवघ्या चौथ्या वर्षी पहिला सूर लागला" वगैरे तर नकोच.

आणि आयोजकाला फोन करण्याआधी त्याच्या कार्यक्रमाला श्रोता म्हणून येऊन बसावं. साधी गोष्ट आहे, पण शंभरातले दोन जण करतात. आमच्या जिल्ह्यात औंधला जो उत्सव होतो, अंतूबुवा जोशींनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला, तिथे एकदा रात्रभर बसून बघा. गाणारे कसे येतात, कसे लावतात, नाही रंगलं तर काय करतात, सगळं दिसतं.

कागदवाला_कराड

थोडं रूक्ष बोलतो, पण कामाचं.

१) धागाकर्ती २४ वर्षांची आहे, म्हणून हे आधी. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वयोगट १८ ते २५. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांनी. पाच वर्षांचं शिक्षण आणि गुरूंचं पत्र लागतं. वय उलटलं की दार बंद, तेव्हा जाहिरातीवर लक्ष ठेवा.

२) आयोजकाने मानधनातून १०% टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) कापला तर घाबरू नका, त्याचा दाखला मागा. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. कित्येक कलाकार विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सरकारजमा करतात. शिवाय उद्या घरासाठी कर्ज मागाल तेव्हा बँकेला शाली दाखवून चालत नाही.

३) शास्त्रीय गायनाच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. तिथवर पोचलात की परत विचारा. 🙂

काळीपाच

कागदवाले, ३ नंबरचा प्रश्न मला अजून पडलेला नाही!

आकाशवाणीचं कुणी लिहिलं नाही. अगं, सांगलीला केंद्र आहे, ऑडिशन दे. अर्जात रागांची यादी द्यावी लागते, त्यातला कुठलाही राग गा म्हणतात, तेव्हा यादी फुगवू नकोस. माझ्या बॅचच्या एका मुलीने ऐटीत दरबारी लिहिला आणि नेमका तोच आला. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात. पैसा फार नाही. पण श्रेणी मिळाली की आयोजकाशी बोलताना आवाज आपोआप अर्धा सूर वर जातो.

रसिकराज_वाई

आणि विशारद? त्याला काहीच किंमत नाही का? की सगळं परीक्षा-परीक्षा खेळायचं आणि शेवटी चाळीस मिनिटांची ध्वनिफीतच विचारायची?

खुंटी_पिळ

झालं, आता परीक्षांवर शंभर प्रतिसाद होणार. मी चहा ठेवतो.

काळीपाच

होऊ देणार नाही. थोडक्यात: विशारद शाळेत नोकरी मागताना उपयोगी, शिकवणीला पालक आणताना उपयोगी. मैफलीत निरुपयोगी. कारण परीक्षेत राग दहा मिनिटांत दाखवायचा असतो आणि मैफलीत तोच राग तासभर संपू द्यायचा नसतो. दोन वेगळी कामं आहेत. रसिकराज, भांडण मिटलं का?

रसिकराज_वाई

तात्पुरतं.

हळदीचा_वायदा

आता जरा गंभीर लिहितो, कारण वरच्या माझ्या प्रतिसादाला पाच अंगठे खाली मिळालेत.

मी गायचो. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा होते, तिथं एकदा गायलोय, १९९४ साली, रात्री दोनला, समोर पंचवीस माणसं आणि झोपलेला एक पोरगा. आजवर तेवढं चांगलं दुसरीकडं कुठं वाटलं नाही. नंतर वडील गेले, गाळा सांभाळावा लागला. संध्याकाळी गाईन म्हणालो होतो. संध्याकाळी हिशोब असतो. म्हणून "बँकेच्या परीक्षा द्या, संध्याकाळी गा" हे मी लिहिलं ते अनुभवानं लिहिलं नाही, सवयीनं लिहिलं. ते मागे घेतो.

पण वडिलांचा प्रश्न चुकीचा नाही, एवढं धरून ठेवा. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले, १८९६ ला बाहेर पडले, सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली, १९०१ ला लाहोरला विद्यालय काढलं. सगळे एवढंच सांगतात. पुढं मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी १९२४ साली लिलावात गेली, हे कुणी सांगत नाही. माणूस एवढा मोठा, तरी व्याज चुकलं नाही. तेव्हा कर्ज काढून पुण्याला जाऊ नका. बागेवर बोजा चढवून तर अजिबात नको.

तासगावची_द्राक्षं

काका, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "ह्या माणसाला एकदा बागेत बोलाव."

सगळ्यांना एकेक करून उत्तर देता आलं नाही, माफ करा. काळीपाच ताई, तुमचा खालच्या षड्जाचा परिच्छेद मी चारदा वाचला.

तासगावची_द्राक्षं (सात आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. काय झालं ते सांगते, नाहीतर बरेचदा धागाकर्ते गायब होतात आणि वाचणारे लटकतात.

शाळेत जाऊन वेळ बदलून मागितली. मुख्याध्यापक आधी हसल्या, मग म्हणाल्या, वरच्या वर्गांचे तास अकरानंतर लावता येतील, आठवड्यातून चार दिवस, पण पगार ९,०००. हो म्हटलं. घरी आल्यावर वडिलांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "म्हणजे पाच हजाराला सकाळ विकत घेतलीस?" बरोबर तेवढ्याला.

पुण्याला दोन वेळा जाऊन आले. पहिल्या खेपेला दोन्ही दिवस फक्त तंबोरा. दुसऱ्या खेपेला भूपाची एक बंदिश मिळाली, तीही अस्थाईच (पहिला भाग). अंतरा (दुसरा भाग) पुढच्या वेळी. अजून चार महिने बघणार.

चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. ऐकल्यावर कळलं की मी सतराव्या मिनिटापासून घाई करतेय. मला वाटायचं तेव्हाच मी रंगात येते! पाठवलं नाही. परत करणार.

तंबोरा मिरजेला न्यायचा राहिलाय, कारण आमच्याकडे गाडी नाही आणि दुचाकीवर भीती वाटते. खुंटी_पिळ दादा, एसटीतून नेता येतो का? तिकीट लागतं का त्याचं? हा बावळट प्रश्न असेल, पण कुणाला विचारू?

खुंटी_पिळ

बावळट काय त्यात, निम्मे गाणारे हेच विचारतात. तिकिटाचं कंडक्टरवर आहे. तारा आधी चार बोटं सैल करा, घोडी काढून रुमालात बांधून पर्समध्ये. भोपळ्याला जुनी गोधडी गुंडाळा. दुपारची रिकामी गाडी बघा आणि अगदी मागची सीट धरू नका, तिथं उसळते. खिडकीकडे दांडी, भोपळा मांडीवर, आणि कुणी "काय आहे ओ हे" म्हणून ठोकून बघायला लागलं की हात धरा.

पेटीमास्तर

शालींची गोधडी मिळाली तर उत्तम.

काळीपाच

माझ्याकडे तीन शिल्लक आहेत. बुधवारी चारनंतर ये आणि घेऊन जा. सतराव्या मिनिटाचं रेकॉर्डिंगही आण.